मुंबई वाचली त्या दुपारी

२ जून २०२०, संध्याकाळ. तुम्ही श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर उभे आहात. तोंडावर मास्क आहे, कारण टाळेबंदीचा तिसरा महिना चालू आहे. हवा इतकी कोंदट, की सदरा पाठीला चिकटलाय. कोळी होड्या आत आणून एकीला एक बांधतायत, दोरांना जादा पीळ देतायत. बोलणं निघतं ते फयान वादळाचं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा होड्या भर समुद्रात होत्या आणि कोकणातले कितीतरी खलाशी परतलेच नाहीत. आज सगळे किनाऱ्यावर आहेत. हवामान खात्याचा इशारा वेळेत पोचला आणि लोकांनी तो मानला, हा अकरा वर्षांतला फरक लहान नाही.

तुम्हाला उद्याची दुपार माहीत आहे, त्यांना नाही. गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा फिरतेय, समुद्राकाठच्या आणि कच्च्या घरांतल्या लोकांना शाळेत यायला सांगतेय. पडवीतली एक आजी उठायला तयार नाही. "बाबा, वादळं गुजराथेला जातात नाहीतर तिकडे अरबांकडे. आमच्याकडे कशाला येतील?" तिचं चुकत नाही. फयानसारखा अपवाद सोडला, तर तिच्या आयुष्यभराचा अनुभव तोच आहे. पण समुद्र बदललाय. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. वादळ जगतं ते तापलेल्या पाण्याच्या वाफेवर, त्याला साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं. तुमच्या पायाशी येणारी लाट त्याहून बरीच कोमट आहे. तुम्ही आजीला एवढंच म्हणता, "आजी, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, चला." शेवटी सून तिचा हात धरून तिला घेऊन जाते.

घरात टीव्ही चालू आहे. वादळाचं नाव निसर्ग, बांगलादेशानं सुचवलेलं. पडद्यावर दिवसभर मुंबई: मरीन ड्राइव्ह, सी लिंक, रिकामे रस्ते. श्रीवर्धनचं नाव कधीतरी खालच्या पट्टीत सरकून जातं.

३ जून, सकाळ. म्हातारा तांडेल बोटांवर हिशेब करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी संपून त्रयोदशी लागतेय, म्हणजे पाणी नऊ-दहाच्या सुमाराला भरणार. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आहे, उधाण चढतंय. वादळ दुपारी येणार असेल, तर तोवर ओहोटी लागलेली असेल. हे केवढं नशीब आहे ते त्याला कळतं. चार तास अलीकडे आलं असतं, तर वाऱ्यानं लोटलेलं पाणी भरतीवर चढून गावात शिरलं असतं.

अकराच्या पुढे वारा डोंगराकडून येऊ लागतो. आधी झोत, मग झोतांमधली उसंतच नाहीशी होते. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, मध्येच एकशेवीसपर्यंत. आकड्यानं काही कळत नाही. एवढं लक्षात घ्या, की वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. कौलं रिपांवर नुसती टेकवलेली असतात, स्वतःच्या वजनावर बसलेली. पहिलं कौल उचललं जातं, त्या भोकातून वारा आत घुसतो, आणि मग छप्पर आतून ढकललं जातं. शेजारचा पत्रा सुटून तुमच्या अंगणावरून जातो. तुम्ही घरातल्या माणसांबरोबर मधल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसलेले आहात. कानांत दडे बसतात. बाहेर कडकड, धप्प, कडकड. कुणीतरी मोजायला लागतं आणि मोजणं सोडून देतं. तो आवाज वाडीतल्या झाडांचा आहे.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ जमिनीवर चढतं. वाऱ्याची दिशा फिरते, आता तो समुद्राकडून येतो. डोंगराकडच्या वाऱ्यानं मुळांशी सैल केलेले माड आता उलट बाजूनं हलतात आणि कोसळतात. एक माड पडताना चार पोफळी घेऊन जातो.

चारनंतर तुम्ही दार उघडता. दार उघडल्यावर कायम सावली दिसायची, तिथे आभाळ आहे.

टीव्ही नाही, कारण वीज नाही. पण टीव्हीवर काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे: मुंबईवरचं संकट टळलं. कॅमेरे परत फिरतायत. इथे विजेचे खांब रस्त्यात आडवे आहेत, मोबाइलला रेंज नाही, आणि मुंबईतल्या चाकरमान्याला आपले आई-बाप जिवंत आहेत की नाही हे कळायला मार्ग नाही. पुढे कित्येक दिवस गावं अंधारात राहणार आहेत.

आता पुढच्या आठवड्यात या. श्रीवर्धनची सुपारी, जिला रोठा म्हणतात, ती माडाच्या सावलीत वाढते. पोफळीच्या खोडाला ऊन सोसत नाही. म्हणून वादळातून उभ्या राहिलेल्या पोफळीही आता उन्हानं करपतायत. नवीन लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं. बागायतदार पडलेल्या खोडांवरून वाट काढत तुम्हाला वाडी दाखवतो आणि एकही वाक्य पुरं करत नाही.

सरकारनं फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. पण इथे वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीचे होतात ५,००० रुपये. आडवी झाडं कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नाही. नंतर झाडामागे हिशेब ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५०. आजोबांनी लावलेल्या, घर चालवणाऱ्या झाडाचे पन्नास रुपये. माझ्या मते ही मदत नव्हती, नोंद होती. माणसं वाचवायची कशी हे या किनाऱ्याला जमलं, त्याबद्दल यंत्रणेचे आभारच मानायला हवेत. माणसं जगतात कशावर, हे मात्र हिशेब करणाऱ्यांनी पाहिलं नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. अशी वादळं पुन्हा येतील. तेव्हा मुंबईवरचं संकट टळल्याची बातमी ऐकलीत, तर ते कुठे गेलं हे विचारा. आणि तिथे फोन लागत नसेल, तर तिथे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका.