पायांवाचून चालणारी वनस्पती

ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या चिखलावर चढलेली सोनेरी-तपकिरी झाक आपण पाहिली असेल. नदीतील दगडांवरही तसाच बुळबुळीत थर असतो. त्यातील कणभर द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली धरले की होडीच्या आकाराचे असंख्य पारदर्शक जीव दिसू लागतात. ही डायाटम नावाची एकपेशीय शैवले होत. काचेसारख्या सिलिकाच्या दोन कवचांत त्यांची पेशी बंद असते व करंड्यावर झाकण बसावे तसे एक कवच दुसऱ्यावर बसते. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे सार्थ नाव आहे. पन्हाळगडावरील अशा शैवलांची नोंद एच. पी. गांधी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. तेव्हा हे जीव आपल्या उंबरठ्यावरचेच आहेत.

नवल असे की, यांपैकी पुष्कळ जाती चालतात. पाय नाहीत, वल्ही नाहीत, शेपूटही नाही. तरी सेकंदाला मिलिमीटरच्या वीस-पंचवीस सहस्रांशांपर्यंत वेगाने त्या पृष्ठभागावरून सरकतात, थबकतात आणि आल्या वाटेने माघारी फिरतात. हे घडते कसे?

जो चालतो तो प्राणी, हा समज त्या काळी दृढ होता. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग याने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रचंड ग्रंथात डायाटमांची गणना प्राण्यांत केली आणि गोगलगायीसारखा पाय त्यांना असावा असे मानले. पुढे कोणी म्हणाले, पेशीतून पाण्याचे झोत सुटतात व त्यांच्या धक्क्याने ती पुढे जाते. तर्क बहुत झाले, परंतु डोळ्यांना पटेल असा पुरावा नव्हता.

तो पुरावा बॉन येथील माक्स शुल्ट्झे याने १८६५ साली पुढे आणला. कवचाच्या मध्यावरून लांबवर एक बारीक चीर गेलेली असते. पाण्यातील बारीक कण या चिरेला चिकटतात आणि तिच्याच रेषेने पुढेमागे वाहून नेले जातात, असे त्याने पाहिले. त्यावरून चिरेतून चिकट सजीव द्रव्य बाहेर येत असले पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. ते द्रव्य सुट्या कणाला ओढून नेते. पण तेच स्थिर दगडाला चिकटले तर दगड हलत नाही, पेशीच उलट दिशेने सरकते! ज्या जातींच्या कवचांना चीर नाही, त्यांना असे सरकता येत नाही, ही गोष्टही या विचाराला पोषकच आहे.

तथापि चिरेच्या आत काय चालते, हे दिसण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९६६ साली ड्रम व हॉपकिन्स यांनी चिरेच्या लगत आतून धावणाऱ्या तंतूंच्या जुड्या दाखविल्या. हे तंतू अ‍ॅक्टिन नामक प्रथिनाचे असल्याचे पुढे ठरले. १९९९ साली पॉल्सन, वेदरबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅक्टिनला बाधा आणणारी द्रव्ये देऊन पाहिली; डायाटम थांबले, आणि द्रव्ये काढून घेताच पुन्हा चालू लागले. अ‍ॅक्टिन व मायोसिन यांची ही जोडी आपल्या स्नायूंतही काम करते. आत ती ओढ निर्माण करते, बाहेर चिकट धागा पकड घेतो आणि मागे बुळबुळीत माग उरतो.

या चिकटपणाची किंमत दर्यावर्दी लोक आजही मोजतात. जहाजाच्या तळाला डायाटमांचा थर बसला म्हणजे पाण्याचा विरोध वाढतो आणि अधिक इंधन जळते. कथिलाची संयुगे असलेल्या विषारी रंगांवर २००१ सालच्या करारान्वये बंदी आली, ती २००८ साली अंमलात आली. त्यांच्याऐवजी सिलिकोनचे गुळगुळीत लेप पुढे आले. जहाज वेगाने चालू लागले की त्यांवरून कालवे गळून पडतात. डायाटम मात्र तग धरून राहतात.

शुल्ट्झेजवळ साधा सूक्ष्मदर्शक आणि सरकणारे काही कण एवढेच साधन होते. एरेनबर्गचा ग्रंथ मोठा, पण त्याचे उत्तर गळून पडले. शुल्ट्झेचे निरीक्षण लहान, पण ते शंभर वर्षे टिकून राहिले. आधी मत ठरवून पाहणे आणि पाहून मत ठरवणे, यांतील अंतर एवढे मोठे असते.