स्वतःच्या छापखान्याची किल्ली

कुपवाडच्या शेजारी, मिरजेत, १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरे कोरून केलेल्या या छपाईला संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांचा आश्रय होता. त्या काळी आपल्या गावात आपल्या लिपीत छापायचे तर पाठीशी राजा लागे. आज कुपवाडमध्ये बसून मी स्वतःची वेबसाईट चालवतो. राजा लागत नाही, पण छापखान्याची किल्ली हाती आली की राखणही आपल्याच गळ्यात पडते. मराठी लेखकाला ही राखण चोरापेक्षा आधी अक्षरांसाठी करावी लागली, असे माझे मत आहे.

जगातल्या असंख्य वेबसाईट ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्याचा जन्मच मुळात मदतीतून झाला. मिशेल वाल्द्रीगी या फ्रेंच तरुणाने बी-टू नावाची प्रणाली केली होती. पुढे तो महिनोन्‌महिने गप्प झाला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एकोणीस वर्षांच्या मॅट मुलेनवेगने जाहीर लिहिले की, आता हे काम आपणच पुढे न्यावे लागेल. इंग्लंडमधल्या माइक लिटलने खाली उत्तर दिले, मी मदतीला येतो. दोघे एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. २७ मे २००३ला पहिली आवृत्ती निघाली. आजही अडलो की आपण अशाच अनोळखी माणसाला विचारतो.

पण आपली अडचण त्यांना नेहमीच कळेल असे नाही. मजकूर ज्या मायएसक्यूएलमध्ये साठतो, ती प्रणाली स्वीडनची. तिच्या तक्त्यांची ठरलेली सोय होती लॅटिन लिपी आणि स्वीडिश वर्णक्रम. वर्डप्रेसही २००७ सालच्या २.२ आवृत्तीपर्यंत तिला लिपी सांगत नसे. म्हणजे आपला ‘क’ आणि ‘ळ’ स्वीडिश पेटीत पडून असत. तीन बाइट्सचे एक देवनागरी अक्षर तिथे तीन लॅटिन चिन्हे म्हणून नांदे. पडद्यावर सगळे ठीक दिसायचे. सर्व्हर बदलला, आवृत्ती चढवली, की लेखाच्या जागी लॅटिन चिन्हांची खिचडी, आणि रूपांतर चुकले तर नुसती प्रश्नचिन्हे. खिचडी सुधारते: रकाना आधी निव्वळ बाइट्सचा करायचा, मग युटीएफ-८चा. प्रश्नचिन्हातून मात्र अक्षर परत येत नाही. कितीतरी मराठी लिखाण असे कुणी न चोरता गेले.

रंगरूप बदलण्यातही लिपी आडवी येते. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची जागा असते. देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हे खाते, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. बाविसाव्या चिन्हाशी शीर्षक कापले जाते. म्हणून मी पत्ता हाताने, आखूड लिहितो. घरात दखनी बोलणाऱ्या माझ्यासारख्याचा आणखी एक प्रश्न: ‘ग़ज़ल’मधला नुक्ता युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडेलच असे नाही. थीम निवडताना मी आधी ‘र्‍हस्व’ आणि ‘दर्‍या’ टाकून पाहतो. सजावट नंतर.

सुंदर थीमची भूल महागही पडते. २०११ मध्ये टिमथंब या चित्रे लहान करणाऱ्या छोट्या फाइलीत भोक निघाले. ती अनेक थीममध्ये गुपचूप बसलेली होती आणि मालकांना पत्ताच नव्हता. त्याआधी, सप्टेंबर २००९ मध्ये, जुन्या आवृत्त्यांवर एक किडा फिरला. तो सभासद म्हणून नाव नोंदवी, स्वतःला व्यवस्थापक करून घेई आणि सभासदांच्या यादीतून अदृश्य होई! एप्रिल २०१३ मध्ये हल्लेखोर नव्वद हजारांहून अधिक आयपी पत्त्यांवरून ‘ॲडमिन’ या नावापुढे पासवर्ड लावून पाहत होते. जून २०१० पूर्वी वर्डप्रेस स्वतःच प्रत्येकाला तेच नाव देत असे. ऑक्टोबर २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या. ती सोय बंद करा, असा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यांचे ऐकू नका.

उरली प्रत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगली नगरवाचनालयातली हजारो पुस्तके पाण्यात गेली. सर्व्हरला पूर येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २६ ऑक्टोबर २००९ आठवावा. त्या दिवशी याहूने जिओसिटीज बंद केले आणि लोकांची पाने एका झटक्यात गेली. माझी एक प्रत सर्व्हरवर, एक घरच्या डिस्कवर आणि एक पुण्यात धाकट्या बहिणीकडे आहे. दर महिन्याला बहिणीकडची प्रत रिकाम्या वेबसाईटवर चढवून मी एक जुना लेख उघडतो आणि ‘र्‍य’ शाबूत आहे का पाहतो.