कौलावरचं साल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणसाला वय विचारलं तर तो दोन-चार वर्षं कमी सांगतो. घराचं वय विचारलं, की घरातली माणसं बिनदिक्कत शंभर वर्षं वाढवून सांगतात. 'आमचं घर दोनशे वर्षांचं आहे' हे वाक्य कोकणात कुणाच्याही ओटीवर बसलात तर चहा येण्याआधी तुमच्या कानावर पडेल. मीही ते पाहुण्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो. ते खरं आहे का, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीकाठी. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. पुढे ओटी आणि पडवी, मध्ये माजघर, वर माळा, आणि सगळ्यावर कौलं. आता तिथे माझी चुलत बहीण एकटी राहते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. बाकीचे आम्ही मुंबईला, पुण्याला, एक भाऊ कुवेतला. ईदला आणि आंब्याच्या दिवसांत यायचं, फोटो काढायचे आणि जायचं, एवढाच आमचा घराशी संबंध उरलेला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ खाडीपलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आपा माजघरात बाजेखाली बसून राहिली होती. निम्मं छप्पर गेलं. टाळेबंदीमुळे आम्हाला पोचायलाच किती दिवस लागले. पोचलो तेव्हा आपानं शाबूत कौलं अंगणात ओळीनं रचून ठेवली होती, आणि त्यातलं एक उलटं करून माझा पुतण्या ओरडला, "चाचा, अठराशे पासष्ट! आपलं घर अठराशे पासष्टचं आहे!"

कौलाच्या पोटावर इंग्रजी अक्षरांत ठसा होता. बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, १८६५. मलाही क्षणभर आनंद झाला. दोनशे नाही, पण दीडशे तरी पदरात पडले.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन, इतिहास घेऊन नव्हे. त्यामुळे खातरजमा करायला मला वेळ लागला. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातून आलेल्या मिशनऱ्यांनी मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्रानं दाबलेला साचा आणि एकमेकांत अडकणारी खोबण, अशी ती नवी कौलं होती. ठशातलं साल हे कारखान्याच्या स्थापनेचं. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर स्थापनेचं साल असतं, म्हणून काही आजचा पेढा त्या सालचा होत नाही. पुतण्या हिरमुसला. मी त्याच्यापेक्षा जास्त.

पण ठसा अगदीच मुका नव्हता. पहिल्या महायुद्धात या मिशनचा जर्मनीशी संबंध म्हणून सरकारनं त्याची मिळकत ताब्यात घेतली आणि पुढे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. म्हणजे बासेल मिशनचं नाव असलेलं कौल साधारण त्या युद्धाच्या आधीचं. एका टोकाला १८६५, दुसऱ्या टोकाला १९१४ नंतरची चार-पाच वर्षं. पन्नास वर्षांची फट, पण घराच्या वयाबद्दल आमच्या हाती आलेला हा पहिला पुरावा.

आता तुम्ही म्हणाल, कागद नव्हते का? तेच सांगतो. वादळानंतर दोनेक वर्षांनी गावठाणाची मोजणी करायला माणसं आली. घरांच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारल्या, आणि मग आकाशात ड्रोन फिरला. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग आधी झाला होता. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रानं स्वामित्व योजना म्हणून तो पुढे नेला. मोजणी झाली की घराची सनद मिळणार. त्यासाठी आम्ही ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला. त्यात मालक म्हणून वारलेल्या आजोबांचं नाव, बांधकामाच्या रकान्यात 'दगड-मातीचे' आणि बांधकामाचं साल १९६१.

शेजाऱ्याच्या उताऱ्यावरही १९६१. त्याच्या शेजाऱ्याच्याही. सगळी वाडी जणू एका वर्षात उभी राहिली होती! गंमत अशी, की १९५८ च्या कायद्यानंतर आमच्याकडे घरांची नोंदवही सुरू झाली तेव्हा जी जी घरं उभी होती, त्या सगळ्यांना वही उघडल्याचं सालच मिळालं. घराचा जन्म झाला तो वहीत.

मग त्याआधीचं कुठे? त्याआधीचं नाहीच. कारण जुनं आहे. आपल्या लोकांनी जमिनीचे दोन भाग केले, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. इंग्रजांना सारा हवा होता, आणि सारा काळीतून येतो. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी मोजणी सुरू केली आणि जी पुढे मुंबई इलाखाभर पसरली, तिनं शेताचा बांध न् बांध मोजला. गावठाण आलं की नकाशावर एक बाह्यरेघ आणि आत कोरी जागा. शहरांत पुढे सिटी सर्व्हे झाला, बहुतेक खेड्यांत तो कधी पोचलाच नाही. आमच्याकडे तर वर खोती. खोताकडे लक्ष शेतसाऱ्याचं, कुणाच्या ओटीचं नव्हे. तेव्हा शेताला सात-बारा आणि ज्या घरात माणूस जन्मला, निकाह लावून बसला आणि मेला, त्याला कागद नाही, अशी दीड-पावणेदोनशे वर्षं गेली.

पांढरी हा शब्द मला फार आवडतो, म्हणून थोडं विषयांतर करतो. देशावर जुन्या वस्तीची माती खरोखरच पांढुरकी दिसते. मातीच्या भिंती पडायच्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहायच्या, चुलीची राख मिसळायची, आणि शतकानुशतकं असं होत होत टेकाड तयार व्हायचं. शेतकरी ही माती खत म्हणून गाड्या भरभरून नेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षं अशाच पांढरीत उत्खनन केलं. सव्वाशेहून अधिक घरांचे तळ मिळाले, साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनचे. आधी चौकोनी ऐसपैस घरं, शेवटी शेवटी लहान गोल झोपड्या. पाऊस उणावला, शेती खालावली, तशी घरंही आक्रसली. आणि त्या घरांच्या जमिनीखाली मडकी निघाली. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आत ठेवलेली तान्ही मुलं. मोठी माणसं गेली तर घराशी पुरलेली, पण लेकराला घराबाहेर ठेवणं त्या आईच्या जिवावर आलं असणार, असं मला आपलं वाटतं. त्यांच्याकडेही कागद नव्हता. पण घर कुणाचं होतं ते जमिनीनं सांगितलं.

आमची जमीन जांभ्याची, ती इतकं सांगत नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुदळीनं चिरा तासता येतो, मग हवा-ऊन लागून तो कठीण होत जातो. लॅटिनमध्ये वीट या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून बुकानन नावाच्या इंग्रजांच्या पाहणीदारानं केरळात पाहिलेल्या या दगडाला शास्त्रीय नाव दिलं, १८०७ च्या त्याच्या ग्रंथात. पण चिऱ्यावरून घराचं वय काढता येत नाही. शंभर वर्षांचा आणि दोनशे वर्षांचा चिरा एकसारखाच काळा पडतो. रत्नागिरीचा थिबा राजवाडाही याच दगडाचा. ब्रह्मदेशातून हद्दपार केलेला राजा त्यात १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये वारला. त्या घराच्या सगळ्या तारखा आहेत, कारण तो कैदी होता आणि कैद्याचा खर्च सरकार लिहून ठेवतं.

उरलं लाकूड. छप्पर उघडं पडल्यामुळे तुळया आयुष्यात पहिल्यांदा उजेडात पाहिल्या. गावातले एक वयस्कर सुतार आले होते. त्यांनी हात फिरवून दाखवलं. आढ्याखालच्या तुळईवर जुन्या खाचा होत्या, जवळ जवळ, ओबडधोबड, आणि आता त्यांत काहीच बसवलेलं नव्हतं. ते म्हणाले, "हे आधीच्या छपराचं. नळीच्या कौलांचं." नळीची कौलं म्हणजे गावच्या कुंभारानं चाकावर काढून भाजलेली अर्धगोल. ती बांबूच्या कामट्यांवर नुसती रचायची. माकडांनी उड्या मारल्या की फुटायची, म्हणून दर पावसाळ्याआधी शाकारणी. मंगलोरी कौलाला तसं चालत नाही. खोबणीत खोबण बसायची तर रिपा करवतीनं सरळ कापलेल्या हव्यात आणि सारख्या अंतरावर हव्यात. त्यामुळे कौल बदललं की छपराचा सगळा सांगाडा बदलतो.

तेव्हा घर कौलाहून जुनं आहे, एवढं ठरलं. किती जुनं? सागाच्या खोडात वर्षाला एक वलय पडतं, ती मोजता येतात. पण सुतार कडेचं कच्चं लाकूड तासून टाकतो आणि त्याबरोबर झाड तोडल्याचं सालही जातं. शिवाय आमची एक तुळई मोडलेल्या गलबताची आहे, असं घरात सांगतात. तिला मध्येच वाक आहे आणि खिळ्यांची भोकं आहेत. ती घराच्या आधी समुद्र हिंडून आलेली.

शेवटी मला आठवली ती दादी. माझ्या वडिलांची आई. तिला अक्षर येत नव्हतं, पण साल चुकायचं नाही, कारण ती सालं आकड्यांत मोजतच नव्हती. माजघराच्या भिंतीला तडा गेला तो कोयनेच्या भूकंपात, पहाटे. म्हणजे ११ डिसेंबर १९६७. आणि तिची सासू तिला सांगायची, की मानमोडीच्या साथीत पडवीत एका रांगेत पाच बाजा होत्या, त्यांतल्या दोन रिकाम्या झाल्या, आणि "वर नवी कौलं होती, एक थेंब गळत नव्हता, तरी माणसं गेली." हे मी लहानपणी दहा वेळा ऐकलं असेल. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या वेळी कौलं 'नवी' होती! दादीच्या तोंडची गोष्ट आणि बासेलचा ठसा इतके जवळ येऊन बसले, की मी अंगणात कौल हातात घेऊन उगाच उभा राहिलो.

कौलं आणली ती पणजोबांनी. ते मुंबईहून आगबोटीवर खलाशी होते. आमच्या या पट्ट्यातल्या मुसलमान घरांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे. बापये जहाजावर, कुणी आफ्रिकेला, केपटाउनपर्यंत. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तशी आमची पिढी आखातात. आगबोटीच्या पगारातून मंगलोरी कौलं आली, पडावानं खाडीतून थेट धक्क्यापर्यंत. कुवेतच्या पगारातून मागची न्हाणी आणि तिच्यावरचा स्लॅब आला. घर कधी बांधलं, याचं आमच्याकडे एक उत्तर नाही. ते दर पिढीत थोडं थोडं बांधलं गेलं. आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण दर वर्षी जमीन सारवणारी, पावसाआधी फुटकी कौलं काढून घेणारी, वादळात बाजेखाली बसून घर राखणारी, तिचं नाव नमुना आठवर नाही.

हे लिहितो आहे, कारण सनदेच्या वेळी हाच प्रश्न आला. वारस म्हणून आम्ही सगळे भाऊ हजर. एकानं सुचवलं, आता स्लॅबच टाकू, नाहीतर पाडून वाटण्या करू. वादळानंतरच्या पंचनाम्यात चिऱ्यावरच्या मातीच्या भिंतींमुळे हे घर 'कच्चं' ठरलं होतंच. शंभराहून जास्त पावसाळे काढलेलं कच्चं घर! आपा बोलली नाही. तिनं उठून पंख्याचं बटण बंद केलं आणि आत गेली. त्या दिवशी मी भावांना म्हणालो, यादीत पहिलं नाव आपाचं येऊ दे. थोडी कुरबुर झाली. नाव लागलं.

पत्रे मात्र तिनं घालू दिले नाहीत. मंगळूरकडचे बरेच कारखाने बंद झालेत, नवी कौलं सहज मिळत नाहीत. पलीकडच्या वाडीत एक जुनं घर पाडत होते, तिथून तिनं सातशे कौलं टेम्पोनं आणवली आणि माजघरावर चढवली. त्यांच्यावर वेगळ्याच कारखान्याचा ठसा आहे. मी म्हटलं, "आपा, पुढे कुणी ठसे वाचून घराचं वय काढायला बसलं, तर त्याचा घोटाळा होईल."

ती म्हणाली, "होऊ दे. गळत नाही ना?"