१५ वर्षांच्या मुलाला ठेवायचं कुठे? अमेरिकेतल्या छोट्या काउंट्या बाल न्यायासाठी एकत्र का येतात?

समजा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला असलेल्या कुक काउंटीत पोलिसांनी एका १५ वर्षांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून शुक्रवारी रात्री ताब्यात घेतलं. त्याला ठेवायचं कुठे?

मोठ्या माणसांच्या तुरुंगात ठेवायला कायद्याची आडकाठी आहे. अशा मुलांसाठी ही काउंटी ज्या केंद्रावर अवलंबून आहे, ते डुलूथ शहरात आहे. काउंटीचं मुख्य गाव ग्रँड मरे. तिथून डुलूथ सुमारे १७५ किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई ते नाशिक. हिवाळ्यात या रस्त्यावर बर्फ असतो.

ही अडचण एकट्या कुक काउंटीची नाही. अमेरिकेत ३ हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्यातल्या कित्येकांची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच आहे. त्यावर तोडगा म्हणून अनेक काउंट्यांनी बाल न्यायाची यंत्रणा मिळून चालवायला सुरुवात केली.

काउंटी म्हणजे काय आणि बाल न्यायाशी तिचा संबंध काय?

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. फरक असा की काउंटीचं निवडून आलेलं मंडळ स्वतः कर लावतं आणि बऱ्याच सेवा स्वतः चालवतं. मिनेसोटासारख्या राज्यांत परिविक्षा अधिकारी नेमणं, मुलांना ताब्यात ठेवण्याची सोय करणं आणि समुपदेशन यांचा बराचसा भार काउंटीवरच असतो. परिविक्षा अधिकारी म्हणजे मुलाला कोठडीत न ठेवता घरी राहू देऊन त्याच्यावर लक्ष ठेवणारा, त्याला मदत करणारा अधिकारी.

मुलं कमी असली तरी खर्च टळत नाही. वर्षभरात मोजकीच मुलं येणार असली, तरी निरीक्षणगृहाला चोवीस तास कर्मचारी, शिक्षक आणि आरोग्यसेवा लागतेच.

या सेवा बंधनकारक कशा झाल्या?

त्याची सुरुवात एका ग्रामीण काउंटीतल्याच खटल्यापासून झाली. १९६४ मध्ये अ‍ॅरिझोना राज्यातल्या हिला काउंटीत १५ वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून पकडण्यात आलं. त्याला वकील मिळाला नाही. तक्रारदार महिला सुनावणीला आलीच नाही. तरीही न्यायाधीशांनी त्याला वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवलं. हाच गुन्हा प्रौढ माणसाने केला असता, तर ५ ते ५० डॉलर दंड किंवा जास्तीत जास्त २ महिने तुरुंगवास एवढीच शिक्षा होती.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. वकील मिळणं, आरोप काय आहे हे आधी कळणं, साक्षीदाराची उलटतपासणी घेणं हे मुलांचेही हक्क आहेत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

पुढे १९७४ मध्ये बाल न्यायाबाबत केंद्रीय कायदा आला. शाळा बुडवणं किंवा घरातून पळून जाणं अशा, फक्त वयामुळे नियमभंग ठरणाऱ्या गोष्टींसाठी मुलांना कोंडून ठेवू नये आणि कोठडीत मुलांचा प्रौढ कैद्यांशी संपर्क येऊ नये, अशा अटी त्यात होत्या. १९८० च्या दुरुस्तीने मुलांना प्रौढांच्या तुरुंगात न ठेवण्याची अट जोडली. या अटी पाळणाऱ्या राज्यांना केंद्राचा निधी मिळतो.

ग्रामीण भागाला सूट आहे का?

आहे. महानगर क्षेत्राबाहेर दुसरी योग्य सोय नसेल, तर पहिल्या सुनावणीपर्यंत मुलाला प्रौढांच्या तुरुंगात, पण त्यांच्यापासून वेगळं, ४८ तासांपर्यंत ठेवता येतं. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या या ४८ तासांत मोजल्या जात नाहीत. रस्ते किंवा हवामान खराब असेल, तर आणखी मुदतही मिळू शकते. राज्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात.

म्हणजे आरोप तोच आणि वयही तेच, पण मूल कुठे राहतं यावर ते त्या रात्री कुठे झोपणार हे ठरतं. जवळ पर्याय उभा करणं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

मिनेसोटाने काय केलं?

मिनेसोटात १९७३ मध्ये कम्युनिटी करेक्शन्स कायदा झाला. परिविक्षा आणि सुधारसेवा स्वतः चालवणाऱ्या काउंट्यांना राज्य अनुदान देईल, अशी ही योजना होती. त्यात एक अट होती: लोकसंख्या किमान ३० हजार हवी. मात्र ती एका काउंटीची किंवा अनेक काउंट्यांची मिळून चालणार होती. म्हणजे छोट्या काउंट्यांना अनुदान हवं असेल, तर एकत्र येणं भाग होतं.

१९७६ मध्ये अ‍ॅरोहेड रीजनल करेक्शन्स ही संस्था स्थापन झाली. आज कार्लटन, कुक, कूचिचिंग, लेक आणि सेंट लुईस या ५ काउंट्या तिच्यात आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार सेंट लुईसची लोकसंख्या सुमारे २ लाख, तर कुकची जेमतेम ५,६००. एकट्या कुकला ३० हजारांची अट पूर्ण करणं शक्यच नव्हतं.

ही व्यवस्था चालते कशी?

सरकारी संस्थांना आपसात करार करून एखादं काम मिळून करण्याची मुभा मिनेसोटात १९४३ च्या कायद्यानेच दिली होती. अ‍ॅरोहेडचं मंडळ पाचही काउंट्यांच्या निवडून आलेल्या सदस्यांचं आहे. पैसा राज्याच्या अनुदानातून आणि काउंट्यांच्या वाट्यातून येतो. पाचही काउंट्यांत परिविक्षेचं काम हीच संस्था पाहते आणि डुलूथमधलं मुलांचं केंद्रही तीच चालवते.

राज्याच्या वायव्येला नॉर्मन, पोल्क आणि रेड लेक या ३ काउंट्यांनीही अशीच संयुक्त संस्था उभी केली आहे. तिचं काम क्रूकस्टन या गावातून चालतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अंतराची. कूचिचिंगमधल्या इंटरनॅशनल फॉल्सपासून डुलूथ सुमारे २६० किलोमीटर आहे. मुलाला भेटायला जायचं तर आईवडिलांचा आख्खा दिवस जातो आणि रोजगारही बुडतो. मूल घरापासून, शाळेपासून तुटतं. म्हणून संयुक्त संस्थेचं यश इमारतीपेक्षा, किती मुलांना घरीच ठेवून सांभाळता आलं यावर मोजावं लागतं.

दुसरी अडचण रिकाम्या खाटांची. अमेरिकेत निरीक्षणगृहांत आणि सुधारगृहांत असलेल्या मुलांची संख्या २००० मधल्या १ लाखाहून अधिकवरून २०२० मध्ये सुमारे २५ हजारांवर आली. ही चांगलीच गोष्ट. पण मुलं कमी झाली की केंद्राचा खर्च परवडत नाही. ते बंद पडलं, तर उरलेल्या मुलांना आणखी दूर पाठवावं लागतं. चालू ठेवलं, तर खाटा भरण्याचा मोह होऊ शकतो.

तिसरा मुद्दा समान न्यायाचा. मिनेसोटा विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक बॅरी फेल्ड यांनी १९९१ मध्ये राज्यातल्या बाल न्यायालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामीण न्यायालयांत कारभार अनौपचारिक होता, शिक्षा तुलनेने सौम्य होत्या, पण वकील मिळालेली मुलं शहरांपेक्षा कमी होती. केंद्र संयुक्त झालं म्हणून वकील आपोआप मिळत नाही. त्याची तजवीज वेगळी करावी लागते.

भारतात काय तरतूद आहे?

भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल न्याय मंडळ असायला हवं. निरीक्षणगृह मात्र प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी मिळून एक, असं चालतं. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं.

इथे जिल्ह्यांना आपसात करार करावा लागत नाही, निर्णय राज्य सरकार घेतं. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात मूल असेल, तर भेटीसाठी एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हा हिशेब इथल्या पालकांनाही करावाच लागतो.