जुना ट्रॅक्टर आणि काळी जमीन

यंत्राचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दारापाशींच संपतो. तें कोणीं बनविलें, केव्हां बनविलें, हें ग्रंथांत नमूद होतें. परंतु विकलें गेल्यानंतर तें कोणीं व कसें चालतें ठेविलें, याची नोंद सहसा कोणी करीत नाहीं. शेतीच्या ट्रॅक्टराची कथा मात्र या उत्तरार्धावांचून पुरी होत नाहीं. आणि जालना जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखांत तर तो उत्तरार्धच अधिक महत्त्वाचा आहे.

जालन्याची काळी जमीन कापसाला व ज्वारीला मानवते. पण नांगरास ती मोठी कठीण. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, पावसाळ्यांत तिचा चिखल होतो, आणि हरळी व कुंदा यांच्या मुळ्या तिच्यांत खोल जातात. लाकडी नांगर तेथपर्यंत पोंचत नसे. १९०३ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात. पुढें तोच नांगर महाराष्ट्रभर पसरला. मात्र भारी जमिनींत तो ओढण्यास बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत, आणि एवढें पशुधन थोड्यांच्याच दावणीला असे.

त्या काळीं हा मुलूख निझामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें तो भारतांत आला, १९५६ मध्यें मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. याच अवधींत देशांत ट्रॅक्टराचा धंदा उभा राहिला. १९५९ मध्यें फरिदाबाद येथें आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ मध्यें महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीं मिळून मुंबईंत ट्रॅक्टरांची कंपनी काढली. १९७७ मध्यें ती महिंद्रा कंपनींत विलीन झाली. तिचा गाजलेला बी-२७५ हा मूळचा इंग्लंडांतील ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा. चार सिलिंडरांचा, सुमारें ३५ अश्वशक्तीचा. नांगर नुसता मागें न ओढतां तीन सांध्यांनीं ट्रॅक्टराच्या अंगाशीं जोडावा व तेलाच्या दाबानें उचलावा, ही हॅरी फर्ग्युसन यांची युक्ति तोंवर जगभर रूढ झाली होती. तिच्यामुळें एवढ्या बेताच्या यंत्रासहि खोल नांगरट साधूं लागली.

१९७२ च्या दुष्काळानें बैलांवरील शेतीचें दुबळेपण उघडें केलें. चारा संपला आणि जनावरें बाजाराच्या वाटेस लागलीं. ट्रॅक्टर उभा असतां खात नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो खात नाहीं म्हणून त्याला निगा लागत नाहीं, असें मात्र नव्हे.

मराठवाड्यांत त्याचा पहिला शत्रु धूळ. इंजिनांत जाणारी हवा जुन्या ट्रॅक्टरांत तेलाच्या भांड्यांतून गाळली जाते. तें तेल गढूळ झालें असतां बदललें नाहीं, तर बारीक माती सिलिंडरांत शिरते आणि लायनर व रिंगा झिजवूं लागते. मग निळसर धूर निघतो, ऑइल जळूं लागतें, थंडीच्या सकाळीं इंजिन लवकर पेटत नाहीं. दुसरा शत्रु डिझेलमधील पाणी व गाळ. त्यानें पंप आणि नोझल बिघडतात. टाकी पूर्ण रिकामी होऊं दिली, तर नळींत हवा धरते, आणि ती स्क्रू ढिले करून काढीपर्यंत यंत्र जागचें हलत नाहीं. ग्रीस, रेडिएटरांतील पाणी, इंजिनाचें ऑइल, यांकडे वेळच्या वेळीं पाहणें हीच त्याची वैरण.

हें सर्व गांवच्या मिस्त्रीस पान्यांच्या जोरावर करतां येतें. आणि जुन्या ट्रॅक्टराचें खरें मोल येथेंच आहे. कर्ज केव्हांच फिटलेलें असतें. पाऊस रुसला, तरी नव्या ट्रॅक्टराचा हप्ता रुसत नाहीं. चार-पांच एकरांच्या धन्यास हा फरक घर राखणारा किंवा बुडविणारा ठरतो. तथापि जुन्याचा मोह आंधळा नसावा. ब्रेक निकामी झालेला, मागील फिरता दांडा उघडा टाकलेला ट्रॅक्टर ट्रॉलींतील मजुरांच्या जिवावर बेततो. जेथें इंजिनाचा ठोकळाच तडकला, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तेथें निरोप द्यावा हेंच शहाणपण.

त्या निरोपाची जागाहि जालना शहरांतच आहे. तेथील पोलादाच्या भट्ट्यांत मोडीचें लोखंड वितळून इमारतींच्या सळया निघतात. १९६४ मध्यें बियाण्यांची महिको कंपनी निघाली, तीहि याच शहरांत. बियाणें आणि भट्टी यांच्या दरम्यान यंत्राचें आयुष्य किती लांबावें, हें कारखानदार ठरवीत नाहीं. पोळ्यास बैलांची आणि दसऱ्यास ट्रॅक्टराची पूजा करणारा शेतकरी उरलेल्या दिवसांत हातांत ग्रीसची पिचकारी धरतो कीं नाहीं, यावर तें ठरतें.