कललेलें चाक



मोटारीच्या चाकाविषयीं मजसारख्या निवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यापूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी गाडी घेऊन दारीं आला. आंखूड स्प्रिंगा बसवून त्यानें ती जमिनीलगत आणली होती. गाडी दिसावयास ऐटदार. परंतु पुढच्या दोन्ही टायरांच्या आंतल्या कडा झिजून तारा उघड्या पडल्या होत्या आणि बाहेरच्या कडा कोऱ्या होत्या. त्याच आठवड्यांत तो बायकामुलांसह कोंकणांत उतरणार होता. मीं त्यास थांबविलें, गवंड्याचा ओळंबा आणवून चाकापुढें धरला आणि पट्टीनें अंतर मोजलें. ४० सेंटिमीटर व्यासाच्या रिमचा वरचा कांठ खालच्या कांठापेक्षां २ सेंटिमीटर आंत गेला होता. म्हणजे कल तीन अंशांस किंचित् कमी. या कलास कॅम्बर म्हणतात. माथा बाहेर झुकला तर तो धन, आंत झुकला तर ऋण.

हा कल मोटारीनें निर्माण केलेला नाहीं. युरोपांतील घोडागाड्यांचीं लांकडी चाकें बशीसारखीं खोलगट करीत, कारण घोड्याच्या चालीबरोबर गाडी डुलते आणि तो बाजूचा रेटा सपाट चाकास सोसवत नाहीं. चाक खोलगट केलें कीं आरे तिरपे होतात. मग भार पेलणारा खालचा आरा तरी उभा राहावा म्हणून आंसाचें टोंक थोडें खालीं वांकवीत. त्यामुळें चाकाचा माथा बाहेर झुके. गाडीची पेटी वर रुंद करावयास जागा मिळे, आणि चिखल उडे तो पेटीपासून दूर. सुताराचें हें ज्ञान त्याच्या हातांत होतें.

पहिल्या मोटारींनीं हा धन कल तसाच घेतला, मात्र कारण बदललें. चाक ज्या खुंटीभोंवतीं वळतें तिच्या रेषेच्या जवळ टायर जमिनीस टेकावा, म्हणजे दगडाचा धक्का चालकाच्या हाताला कमी बसतो. आंस एकसंध पोलादी असल्यामुळें गाडी उंच असो वा ठेंगणी, कल बदलत नसे. कॅलिफोर्नियांतील तरुण १९३० नंतरच्या दशकांत जुन्या फोर्ड गाड्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर पळवीत. गाडी ठेंगणी करण्यासाठीं ते पुढचा आंस तापवून त्याचीं टोंकें वर उचलून घेत. त्या खटाटोपांत कल बिघडला, तर आंसच पुन्हां वांकवून जागेवर आणावयाचा. दुरुस्ती धसमुसळी होती खरी, पण सरळ होती.

घोटाळा सुरू झाला तो चाकें स्वतंत्र झाल्यावर. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्यें आलेले मॉरिस ओली यांच्या प्रयत्नांतून १९३४ सालच्या कॅडिलॅकला पुढें स्वतंत्र चाकें मिळालीं. प्रत्येक चाकास दोन आडवे हात, वरचा आंखूड, खालचा लांब. वळणावर गाडी कलली कीं बाहेरचें चाकही तिच्याबरोबर कलूं पाहतें. तेव्हां आंखूड हात त्याचा माथा आंत ओढतो आणि टायर बराचसा सपाट टेकून राहतो. युक्ति सुरेख आहे! पण गाडी कायमची खालीं बसविली, तर तो हात तो माथा कायमचाच ओढून धरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या टायरांच्या कडा अशाच एका योजनेनें खाल्ल्या होत्या.

याहून वेगळी कथा झुलत्या आंसाची. एडमंड रुम्पलर यांनीं त्याचें पेटंट १९०३ सालीं घेतलें. त्यांत अर्धा आंस मध्यावरील एकाच सांध्यावर झुलतो आणि चाक त्याच्याशीं काटकोन सोडीत नाहीं. गाडी वर उचलली गेली कीं चाकाचे पाय पोटाखालीं जातात, खालीं बसली कीं फांकतात. वेगानें वळतांना बाहेरच्या टायरावरील रेटाच गाडीचा मागचा भाग वर उचलतो, आणि पकड एकाएकीं सुटते. शेव्हरोलेची १९६० सालची कॉर्व्हेअर अशीच होती. तिच्या पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवावी, अशी कंपनीची सूचना असे. तिच्यावर पुष्कळशी सुरक्षितता अवलंबून, आणि ती पाळणारे थोडे. राल्फ नेडर यांनीं १९६५ सालीं या गाडीवर पुस्तकांत कोरडे ओढले. पण त्यापूर्वींच कंपनीनें १९६५ च्या नमुन्यांतून तो आंस काढून टाकला होता. पुढें १९७२ सालीं सरकारी तपासणींत ती समकालीन गाड्यांहून वाईट नव्हती असें ठरलें. जे तत्पूर्वीं दगावले त्यांना या निवाड्याचा काय उपयोग?

फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचा मागचा आंसही झुलता. येथें मात्र गाडी खालीं आणणें हीच कल सुधारण्याची रीत ठरली! १९६३ पासून अमेरिकेंत या गाडीच्या भागांवर बांधलेल्या ‘फॉर्म्युला व्ही’ गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांत मागचीं चाकें मुद्दाम ऋण कलाचीं ठेवीत. बीटलची स्प्रिंग म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याच्या आंतल्या टोंकास ४० दांते, बाहेरच्या टोंकास ४४. आंत एक दांता सरकविला तर नऊ अंशांचा फेर. बाहेर उलट दिशेनें एक सरकविला तर सव्वाआठ अंशांस जरा कमी. वजाबाकी पाऊण अंशाहून जराशी अधिक! व्हर्नियर पट्टी शिकवितांना हें उदाहरण मला ठाऊक असतें, तर वर्गाच्या मागच्या बांकांवरचीं मुलें खचित जागीं राहिलीं असतीं.

फोर्डनें १९५० सालीं इंग्लंडांत कॉन्सल आणि झेफिर या गाड्या दाखविल्या. त्यांत मॅक्‌फर्सन यांनीं वरचा हात काढून त्याजागीं उभा खांब आणला होता. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारी त्याच वंशाच्या. माझ्या विद्यार्थ्याचीही. अशा गाडींत खालचा हात फार वर तिरपा झाला, तर वळणावर चाकाचा माथा आंत येण्याऐवजीं बाहेर जाऊं लागतो. उभ्या गाडीचा कल खांबाच्या बोल्टानें दुरुस्त होतो, परंतु हा दोष तसाच राहतो. त्यासाठीं हाताचें टोंकच खालीं आणावें लागतें, किंवा गाडी थोडी उंच करावी लागते.

त्यानें दोन्ही मार्ग थोडेथोडे धरले. खांबाच्या तळाशीं विकेंद्री बोल्ट बसविले, त्यांनीं सव्वा अंश परत मिळाला. मग अधिक उंच स्प्रिंगा घातल्या. कल बदलला कीं चाकांचीं नाकें समांतर राहत नाहींत, म्हणून तें माप सर्वांत शेवटीं घेतलें. आणि टायर झिजविण्यांत त्या नाकांच्या चुकीचा वांटा कलाहूनही मोठा निघाला. आतां ओळंबा लावला असतां दोन्हीं कांठांत अर्धा सेंटिमीटर अंतर भरतें. दोन टायर नवे घ्यावे लागले. कोंकणांत तो आठ दिवस उशिरा उतरला.