मूळगणन, जावास्क्रिप्टमधील

संख्येचे वर्गमूळ, घनमूळ किंवा त्यापुढचे कोणतेही मूळ जावास्क्रिप्ट या वेबभाषेत काढण्याच्या रीती. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी रचलेल्या या भाषेचे पहिले प्रमाणक, एक्मा-२६२, जून १९९७ मध्ये निघाले. वर्गमूळ आणि घात यांची फलने त्यात होती. घनमूळाचे फलन २०१५ च्या आवृत्तीत व घातासाठी दोन ताऱ्यांचे चिन्ह (**) २०१६ च्या आवृत्तीत आले.

वर्गमूळ : ‘मॅथ.एसक्यूआरटी’ हे फलन. भाषेतील साधी संख्या ६४ बिटांत साठवली जाते आणि तिची अचूकता ५३ बिटांची, म्हणजे दशांशात १५ ते १७ सार्थ अंकांची असते. त्यामुळे २ चे वर्गमूळ १.४१४२१३५६२३७३०९५१ असे येते आणि त्याचा वर्ग केल्यास २ न मिळता २.०००००००००००००००४ मिळतात. ऋण संख्येला ‘नॅन’ (संख्या नव्हे) हे उत्तर मिळते. चूक जाहीर होऊन काम थांबत नाही, तेच ‘नॅन’ पुढच्या आकडेमोडीत उतरत जाते. अक्षरांत दिलेला ‘२५’ आपोआप संख्येत बदलून ५ हे उत्तर येते. मात्र रिकाम्या चौकटीतून आलेल्या कोऱ्या मजकुराचे वर्गमूळ ० निघते. वेबपानावरील फॉर्ममध्ये ही बाब विशेष घातक ठरते, म्हणून मजकूर आधी तपासून घ्यावा.

पूर्ण वर्गाची परीक्षा : वर्गमूळ पूर्णांक आले की संख्या पूर्ण वर्ग, अशी कसोटी सर्रास लावली जाते. ती २ च्या ५२ व्या घातापर्यंतच विश्वासार्ह आहे. ४५०३५९९७६१५८८२२४ ही संख्या घ्या. भाषा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक ठेवते, म्हणजे ही संख्या सुरक्षित मर्यादेच्या बरीच आत आहे. तरीही तिचे वर्गमूळ नेमके ६७१०८८६५ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ६७१०८८६५ चा वर्ग तिच्याहून १ ने मोठा आहे. खरे मूळ ६७१०८८६५ हून सुमारे ०.००००००००७४५ ने कमी असते. त्या टप्प्यावर दोन लगतच्या साठवणयोग्य संख्यांमधील अंतर याच्या जवळजवळ दुप्पट असल्याने उत्तर वरच्या संख्येकडे ढकलले जाते. येथे फलनाचा दोष नाही. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार जवळात जवळची संख्या देणे हेच त्याचे काम, आणि ते त्याने चोख केलेले असते. उपाय शाळेतलाच : ताळा करावा. आलेले मूळ पूर्णांकात घेऊन त्याचा वर्ग करावा व मूळ संख्येशी ताडून पाहावा. या मर्यादेत तो वर्ग अचूक येतो.

घनमूळ व पुढील मुळे : घनमूळासाठी ‘मॅथ.सीबीआरटी’ वापरावे, ते उणे ८ चे घनमूळ उणे २ असे बरोबर देते. चौथ्या, पाचव्या वा अन्य मुळासाठी वेगळे फलन नाही. तेथे संख्येचा १/४, १/५ असा अपूर्णांक घात घ्यावा लागतो, आणि गफलत होते ती येथेच. ६४ चा १/३ घात ४ न येता ३.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, कारण १/३ द्विमान पद्धतीत पूर्ण मावत नाही. साठवलेला अपूर्णांक खऱ्याहून किंचित लहान असतो. दशांश नुसते छाटले तर उत्तर ३ होते. म्हणून छाटू नये; जवळच्या पूर्णांकाला आणून ताळा करावा. ऋण संख्येचा अपूर्णांक घात ‘नॅन’ देतो. मूळ विषम असल्यास चिन्ह बाजूला काढून ठेवावे, केवलमूल्याचे मूळ घ्यावे व चिन्ह परत लावावे. कंस न घालता उणे ८ पुढे दोन तारे लिहिल्यास वाक्यरचनेची चूक दाखवली जाते.

अपूर्णांक घाताचे शेवटचे अंक सर्व ब्राउझरांत सारखेच येतील याची हमी प्रमाणक देत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘एफडीलिबएम’ संग्रहातील रीती वापराव्यात, एवढी शिफारस ते करते.

मोठे पूर्णांक : २०२० च्या आवृत्तीत आलेल्या ‘बिगइंट’ या प्रकाराला कितीही अंक चालतात, पण ‘मॅथ’मधील फलने तो स्वीकारत नाहीत. वर्गमूळ स्वतःच लिहावे लागते. मुळाहून मोठा अंदाज घ्यावा, संख्येला त्या अंदाजाने भागावे, भागाकार व अंदाज यांची सरासरी काढावी आणि अंदाज उतरायचा थांबला की थांबावे. ही न्यूटनची रीत दर फेरीला बरोबर अंक सुमारे दुप्पट करते. अंकांच्या जोड्या पाडून एकेक अंक काढणारी रीतही चालते. आर्यभटीयाच्या गणितपादात दिलेली रीत याच कुळातली. शेकडो अंकांसाठी मात्र न्यूटनचीच घ्यावी.

संमिश्र मुळे : भाषेत सोय नाही.